बासष्ट घरांची हजेरी

७ नोव्हेंबर

आज चार वर्षांनी रेकॉर्डर चार्ज केला. हिरवा दिवा लागला तेव्हा मी एकटीच हसले.

लग्नाआधी वर्ध्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर तीन वर्षं काम केलं, त्याची एवढीच खूण उरली आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. टाइल्स आणि वॉशबेसिन घ्यायला बारा ते चार हिंगणघाटात कोणी येत नाही. त्या वेळात शहरातल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या आणि मोबाईलवरून सगळीकडे पाठवायच्या, असं ठरवलं आहे. पहिला विषय, आपल्या दारात येणारी भाजी. आपल्या गल्लीत गाडी घेऊन येणाऱ्या कुंताबाईपासूनच सुरुवात.

नवऱ्याचा, नीलेशचा, पहिला प्रश्न, "कोन ऐकन वो हे?" आई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाबूजी मात्र खूश झाले. "करा, करा. शिकलेली सून आहे, घरात बसून काय करन?" कुंताबाई वखारटोलीत राहते म्हटल्यावर म्हणाले, "तिथं लोक काय बोलून राह्यले, मले बी सांगत जाजो."

सासऱ्यांना एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं. माझं नशीब.

९ नोव्हेंबर

वखारटोलीत गेले होते. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं, पण सहा वर्षांत एकदाही गेले नव्हते. एका बाजूला रेल्वेलाइन, दुसऱ्या बाजूला नाला. पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या, कापसाच्या जिनिंगमधली माणसं तिथे झोपड्या घालून राहिली. आता एकशे अठरा घरं आहेत, बरीचशी पक्क्या विटांची. निम्मी टोली भाजीच्या गाड्या चालवते. नळ नाही, नाली नाही. सगळ्या टोलीला एकच बोअरिंग.

कुंताबाई दारात बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. पन्नाशीची असेल. मी रेकॉर्डर काढला तशी म्हणाली, "थांब वो बाई. पह्यले हे बांधू लाग, मंग बोलू. हात रिकामे असले का मले बोलता येत नाई."

पाऊण तास जुड्या बांधल्या. मग ती बोलली. काय बोलली! पहाटे बाजारात कुठला माल कसा उचलायचा, कुठल्या गल्लीत कोण घासाघीस करतं, कोणाच्या घरी पाहुणे आले हे त्यांच्या भाजीवरून कसं कळतं. मी निघताना तिने विचारलं, "हे तू कायले करून राह्यली?" मी म्हटलं, तुमची गोष्ट लोकांपर्यंत जावी म्हणून. ती म्हणाली, "आनखी कोनाले सांगतं का तू, आम्ही काय बोललो थे?" मी म्हटलं, सगळ्यांना! तेच तर काम आहे. तिने बांधलेल्या जुड्या टोपलीत भरायला घेतल्या.

१२ नोव्हेंबर

पहिला भाग आठ मिनिटांचा झाला. सुरुवातीला बासरी, मग माझं निवेदन, मग कुंताबाई. माझा आवाज चांगला आहे हे मला माहीत आहे, उगाच नाही म्हणणार नाही. तिला ऐकवला. ती म्हणाली, "हे बाजा काऊन वाजते? कोनाचं लगन आहे का? अन् तू मधामधात काऊन बोलतं? मी बोलूनच तं राह्यली."

राग आला. घरी येऊन बासरी काढली, माझं बोलणं अर्ध्यावर आणलं. भाग चांगला झाला. ते मी तिला सांगणार नाही.

पण खरी गोष्ट दुसरीच आहे. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा कालच प्रसिद्ध झाला. नगर परिषदेच्या भिंतीवर नकाशा लावला आहे. कुंताबाई भाजीची गाडी बाहेर लावून आत गेली आणि तिथल्या एका शिपायाला म्हणाली, वखारटोली कुठे आहे ते दाखव. शिपायाने बोट ठेवलं तिथे सगळं हिरवं होतं. उद्यानासाठी आरक्षण. खाली लिहिलेलं, रिकामी जागा.

"आमच्या घराइवर हिरवा रंग मारला," ती म्हणाली. "आम्ही हावोच नाई म्हनते."

हरकत घ्यायला तीस दिवस, म्हणजे दहा डिसेंबरपर्यंत. ही आता भाजीची गोष्ट राहिली नाही. अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. असा विषय आयुष्यात एकदा मिळतो. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिते.

जेवताना सगळं सांगितलं. बाबूजींनी बारकाईने विचारलं. घरं किती, कोणाजवळ काही कागद आहे का, पुढे कोण आहे. नाल्याच्या अलीकडे आमचे प्लॉट आहेत, त्यामुळे तो भाग त्यांना माहीत आहे. इतक्या आस्थेने ऐकत होते की भाजी गार झाली.

१५ नोव्हेंबर

वाईट दिवस. कुंताबाईने आज टोलीत बैठक बोलावली. अकरा जण आले.

बाकीचे घाबरलेत. एक म्हातारी म्हणाली, आतापर्यंत कोणाच्या ध्यानात नव्हतो म्हणून जगलो. अर्ज केला तर नाव समजतं, नाव समजलं की नोटीस येते. मी उभी राहून हक्क वगैरे बोलले. मला वाटत होतं छान बोलते आहे. मधेच दोघी उठून पाणी भरायला गेल्या.

दुसरा भागही तयार केला आहे, आराखड्यावर. मोबाईलवर पाठवला. आतापर्यंत एक्केचाळीस जणांनी ऐकला, त्यातले निम्मे माझ्या माहेरचे. नीलेश बरोबर बोलला होता का?

जाताना कुंताबाईने मला थांबवलं. "तुह्या त्या मशीनीतलं माह्या भोंग्यात टाकता येते का?"

तिच्या गाडीवर छोटा भोंगा आहे. 'वांगे घ्या, मेथी घ्या, ताजा सांभार घ्या' असं दिवसभर त्यातून वाजतं. मेमरी कार्ड घालता येतं. मी म्हटलं, येतं, पण त्यात आवाज फाटेल, खालचे सूर जातील. ती म्हणाली, "सूर जाऊ दे. शब्द राह्यले म्हनजे झालं."

१८ नोव्हेंबर

सकाळी दहाला दुकानाचं शटर वर करत होते. गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. "वांगे घ्या, मेथी घ्या..." आणि मग एकदम, "मी कुंताबाई. वखारटोलीत राहते. तेहतीस वर्षं झाले, तुमच्या दारात भाजी आनते. नगर परिषदेच्या नकाशात मी नाई. माह्यं घर नाई. मंग तुमच्या दारात येते थे कोन हाये?"

गल्लीत सगळे थांबले. समोरचे प्रभाकरराव दाढीचा साबण लावलेले तसेच गॅलरीत आले. आवाज खरंच फाटत होता. त्याने काही बिघडलं नाही.

एक गाडी नाही. मी कुंताबाईला एकच कार्ड भरून दिलं होतं, पण आज टोलीतल्या तेवीस गाड्यांवर तेच वाजत होतं! तेवीस गाड्या, शहरातली प्रत्येक गल्ली. दुपारपर्यंत माझ्या फोनवर साठ मेसेज. कोणी विचारतं, ही कुठली बाई, कोणी विचारतं, अर्ज कुठे मिळतो. मी रेडिओवर तीन वर्षं होते, एवढे लोक मला कधी मिळाले नाहीत.

आई ओट्यावर उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग गाडीजवळ गेल्या आणि काहीही न बोलता दोन किलो वांगी घेऊन आल्या. आमच्याकडे वांगी कोणी खात नाही.

२१ नोव्हेंबर

कुंताबाई आणि मी टोलीतल्या खुशालदादांकडे गेलो. वय सत्त्याहत्तर, चाळीस वर्षं जिनिंगमध्ये काम केलं. त्यांच्या पेटीत एक कागद निघाला. तीसेक वर्षांपूर्वी नाल्याला मोठा पूर आला होता, तेव्हा नगर परिषदेने पंचनामा केला होता. टोलीतली बासष्ट घरं, घरमालकाचं नाव, खाली सही आणि शिक्का. कार्बन कॉपी, अगदी फिकट.

म्हणजे टोली तेव्हा होती आणि नगर परिषदेनेच ती मोजली होती!

मी खुशालदादांना पुराची आठवण विचारत होते. कुंताबाई मधे बोलली, "दादा, आधी हे सारं वाचून द्या. वरचा नंबर बी वाचा." त्यांनी चष्मा लावला आणि जावक क्रमांकापासून वाचायला सुरुवात केली. तारीख, क्रमांक, मग एक ते बासष्ट नावं. अडखळत, मधे थांबत. सतराव्या नावावर म्हणाले, "हा माहा भाऊ. गेला." मग पुढचं नाव.

मला वाटलं आकड्यांचा भाग कंटाळवाणा होईल, कापावा लागेल. कुंताबाई म्हणाली, "काही कापू नको. जसं हाये तसं ठेव." आजकाल मी तिचं ऐकते.

भागाच्या चित्रासाठी खुशालदादांच्या हातांचा फोटो काढला. फार सुंदर हात आहेत.

२२ नोव्हेंबर

बाबूजींना कागदाचं सांगितलं. हातातली पोळी ताटात ठेवली त्यांनी. "सही-शिक्क्याचा आहे? कोनापाशी आहे म्हटलं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला की मला भरून आलं. आमच्या घरात टोलीची काळजी करणारं माझ्याशिवाय कोणीतरी आहे.

आई ताट उचलताना म्हणाल्या, "सारंच सांगाचं नसते, पौर्णिमा." त्यांना हे सगळं आवडत नाही असं दिसतं.

२५ नोव्हेंबर

नावांचा भाग कालपासून गाड्यांवर वाजतो आहे. संगीत नाही, निवेदन नाही. फक्त खुशालदादा आणि बासष्ट नावं. मला खात्री होती की हा कोणी ऐकणार नाही.

कारंजा चौकात एक माणूस मोटारसायकल उभी करून गाडीमागे चालत गेला. त्याच्या आजोबांचं नाव चौतिसावं. त्यांच्या घरच्यांनी टोली सोडून वीस वर्षं झाली. त्याने गाडीवाल्या बाईला ते पुन्हा वाजवायला लावलं. असं दिवसभर ठिकठिकाणी झालं. आणि संध्याकाळी टोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. ती म्हातारी, जिला नोटिशीची भीती वाटत होती, ती स्वतः कुंताबाईच्या दारात आली. अनुसयाबाई तिचं नाव. तिच्या नवऱ्याचं नाव एकोणिसावं. म्हणाली, "थ्यायचं नाव साऱ्या गावात वाजलं. आता मी काऊन लपू? आन थो कागद, कुठं अंगठा देऊ?"

एका संध्याकाळी सदतीस हरकती भरून झाल्या. माझा हात दुखतो आहे. दुखू दे.

२८ नोव्हेंबर

कागद गेला.

काल दुपारी कुंताबाई गाडीवर असताना पांढऱ्या शर्टातला एक माणूस खुशालदादांकडे आला. नगर परिषदेतून आलो, झेरॉक्स काढून तासाभरात आणून देतो म्हणाला. दादांनी विश्वासाने दिला. तो आलाच नाही. आज नगर परिषदेत विचारलं, तर त्यांनी कोणालाच पाठवलं नव्हतं.

दादा पेटीजवळ बसून आहेत, जेवत नाहीत. मी फोनमध्ये बघितलं. माझ्याजवळ त्यांच्या हातांचा फोटो आहे. हातात कागद आहे, पण घडी घातलेला! मी कागदाचा फोटो काढलाच नाही. आवाज, आवाज करत राहिले आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

३० नोव्हेंबर

कुंताबाईने विचारलं, "नंबर हाये ना तुह्या मशीनीत?"

आहे! पहिलंच वाक्य, जावक क्रमांक आणि तारीख. जे मी कापणार होते. नगर परिषदेच्या दफ्तरात त्याच नंबरची मूळ प्रत असणार. दोघी जाऊन नकलेचा अर्ज दिला. दफ्तरातले बाबू म्हणाले, जुने गठ्ठे दुसऱ्या इमारतीत आहेत, शोधावं लागेल, वेळ लागेल. कुंताबाई म्हणाली, "शोधा ना बापा. आम्ही कुठं पळून राह्यलो?"

तो पांढऱ्या शर्टातला माणूस कोण असेल, याचाच विचार डोक्यात आहे. नावं साऱ्या गावाने ऐकली, पण कागद दादांच्या पेटीत आहे हे टोलीबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. कोणी फितूर असेल का टोलीत?

३ डिसेंबर

दुपारी जेवणं झाल्यावर आईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या कधी एवढं बोलत नाहीत. म्हणाल्या, "थो पांढऱ्या शर्टवाला हेमराज होता. प्लॉटचे व्यवहार करते थो. आपल्याच घरून पाठवला त्याले. कागद घेऊन इथंच आलता. यायनं चुलीत टाकला. माह्या डोळ्यादेखत."

मी म्हटलं, बाबूजींनी? का?

आई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी लहान पोर आहे. "तिथं बगिचा झाला का आपले प्लॉट बगिच्यासमोरचे होते, बाई. इतकं बी समजलं नाई तुले?"

पुढे काही लिहवत नाही.

६ डिसेंबर

तीन दिवस टोलीत गेले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. नीलेशला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "वाटलं होतं. पन विचारलं नाई." तो खोटं बोलत नाही, एवढं तरी आहे.

आज गेले. कुंताबाई जुड्या बांधत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. माझ्या तोंडून गेलं, माझ्या घरात जळला. आता तुम्ही मला येऊ देणार नसाल तर बरोबर आहे. रेकॉर्डर तुमच्याजवळ ठेवते.

ती म्हणाली, "बस."

मग म्हणाली, "तुह्या सासऱ्याचे प्लॉट तिथं हायेत, हे मले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. रोज तिथूनच तं जाते मी. तू साऱ्याइले सांगतं, हे तूच सांगलं होतं. म्हनूनच दादाले म्हटलं, आधी मशीनीत वाच. कागद हातातून जाऊ शकते. दादा असा देऊन टाकन हे मात्र नाई वाटलं, थे माहीच चूक."

मी विचारलं, माहीत होतं तर मला येऊ का दिलं?

"तुह्याजवळ मशीन होती," ती म्हणाली. मग हसली. "अन् जुड्या बरोबर बांधतं तू. पह्यल्या दिवशी पाह्यलं, खराब पानं आत लपवत नाईस."

मी रडले. मग जुड्या बांधल्या. ऐंशी हरकती झाल्यात, अडतीस राहिल्यात, चार दिवस आहेत.

१० डिसेंबर

एकशे अठरापैकी एकशे अठरा!

सकाळी टोलीच्या सगळ्या गाड्या नगर परिषदेसमोर रांगेत उभ्या होत्या, भोंगे बंद करून. प्रत्येक घरातलं एक माणूस हातात हरकत घेऊन. आवक बाबूने पाच-दहा अर्ज असतील म्हणून शिक्का एका हाताने मारायला घेतला. अकरा वाजता त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. एक वाजता अनुसयाबाईने त्याला दोन केळी दिली. पावणेपाचला शेवटचा शिक्का पडला तेव्हा तो बाबू स्वतः म्हणाला, "झाले का सारे? कोनी राह्यलं तं नाई?"

शहरातल्या लोकांच्याही दोनशेच्या वर हरकती आल्या. प्रभाकररावांनीही दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरी रोज भाजी येते, रिकाम्या जागेवरून थोडीच येते?"

घरी बाबूजी समोर होते. मी म्हटलं, "एकशे अठरा झाल्या." पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं नाही.

१९ जानेवारी

नकलेचं अजून काही नाही. चारदा जाऊन आलो. परवा सुनावणी. कागद नसेल तर समिती टोलीला जुनी वस्ती मानणार नाही, असं टोलीने गाठलेल्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं. कुंताबाईला विचारलं, काय करायचं? म्हणाली, "तू मशीन चार्ज कर."

२१ जानेवारी

सुनावणी झाली. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभागृह भरलं होतं. समोर समितीचे पाच जण, मधे एक चष्मा लावलेल्या अधिकारी बाई. मागच्या ओळीत प्लॉटवाले, त्यांत बाबूजी. त्यांच्याकडून एकजण बोलला, उद्यान ही शहराची गरज आहे, टोली अलीकडची आहे, जुनी असल्याचा एक तरी पुरावा दाखवा.

अधिकारी बाईंनी कुंताबाईला विचारलं, "पंचनामा आहे असं हरकतीत लिहिलंय. कुठे आहे?"

"कागद नाई, मॅडम. आवाज हाये."

मागे कोणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "हे कधी, कोणी रेकॉर्ड केलं?"

मला उठावं लागलं. मी म्हटलं, "मी. एकवीस नोव्हेंबरला, खुशालदादांच्या घरी, कागद समोर असताना. मी पौर्णिमा. टाइल्सवाल्या सदाशिवरावांची सून."

सगळ्या माना मागे वळल्या. मी वळले नाही.

"आणि कागद कुठे गेला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. तोंड उघडलं. काय बोलणार होते ते अजूनही सांगता येत नाही. खरं बोलले असते असं वाटतं. पण कुंताबाईने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "मॅडम, आमच्यापासचा कोनं नेला थे राहू द्या. तुमच्यापासचा तं कोनं नेला नाई ना? ऐका अन् काढा."

बाईंनी हात केला. मी रेकॉर्डर माइकला लावला.

खुशालदादांचा आवाज. जावक क्रमांक, तारीख. मग पहिलं नाव. ते नाव झालं आणि तिसऱ्या ओळीतून एक पोरगी उठली, कडेवर मूल. म्हणाली, "हाजर. थ्यायची नातसून."

हे कोणी ठरवलं होतं? मला कोणीच सांगितलं नव्हतं! दुसरं नाव. "हाजर." तिसरं. "हाजर, मीच थो." चौथ्याला कोणी उठलं नाही, मग खुशालदादा स्वतः म्हणाले, "वारला. मागं कोनी नाई. मी सांगतो त्याच्यासाठी, हाजर." सतराव्यालाही तेच उठले. एकोणिसाव्याला अनुसयाबाईला दोघींनी धरून उभं केलं. चौतिसाव्याला दारातून आवाज आला, तो मोटारसायकलवाला. बासष्ट नावांना अकरा मिनिटं लागली. शेवटी अख्खं सभागृह उभं होतं, कारण उठलेलं कोणी खाली बसलंच नाही.

अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. मग दफ्तरातल्या बाबूला म्हणाल्या, "क्रमांक ऐकलात. तारीख ऐकलीत. सुनावणी थांबवली आहे. ते रजिस्टर घेऊनच परत या."

दोन तास कोणी हललं नाही. गाड्यांवरून गाजरं आणि पेरू आत आले. साडेतीनला बाबू आला, डोक्यावर कोळ्याचं जाळं, हातात लाल कपड्याचा गठ्ठा. बाईंनी स्वतः उघडला. बोट ठेवून वाचत गेल्या. पहिलं नाव, दुसरं नाव, तोच क्रम. सतराव्यावर थांबून त्यांनी खुशालदादांकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुमचे भाऊ?"

दादांनी हात जोडले.

पुढचं गोंधळात ऐकू आलं नाही. नीलेश म्हणतो, त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात समिती जागेवर येईल. नीलेश? हो, तो दारात उभा होता. दुकान बंद करून आला होता. कधीपासून, कोण जाणे.

२४ जानेवारी

बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत. वाढलं तर जेवतात. मी वाढते. याहून जास्त काही माझ्याकडून सध्या होणार नाही आणि त्यांच्याकडूनही. आईंनी काल त्यांच्यासमोर मला मोठ्याने विचारलं, "टोलीत कधी जाऊन राह्यली? मलेबी याचं आहे." ते पेपर वाचत राहिले.

१८ फेब्रुवारी

समितीचा अहवाल आला. उद्यानाचं आरक्षण रेल्वेच्या पलीकडच्या पडीक जागेवर हलवावं, वखारटोली रहिवासी क्षेत्रात दाखवावी, घरांना तातडीने क्रमांक द्यावेत. वकील म्हणतात, वरून शिक्कामोर्तब व्हायला अजून काही महिने जातील, पण समितीची एकमताची शिफारस सहसा फिरत नाही.

कुंताबाईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग बाहेर जाऊन भोंगा सुरू केला. आज गाडीवर एवढंच वाजलं, रेकॉर्ड तिनेच केलं, मला न विचारता. "वांगे घ्या, मेथी घ्या, सांभार घ्या. वखारटोलीवाले आलो." मागे पोरांचा कल्ला, कुत्र्याचं भुंकणं, सगळं आलं आहे. मी असते तर साफ केलं असतं. देवाची कृपा, मी नव्हते.

दुपारी नाल्यापलीकडच्या दोन वस्त्यांतल्या बाया आल्या होत्या, त्यांच्या शाळेच्या रस्त्याचं रेकॉर्ड करायला. त्यांनी मला नाही, कुंताबाईला विचारलं. तिने त्यांना आधी मेथी निवडायला बसवलं.

४ मार्च

आज टोलीत घरांना क्रमांक पडले. नगर परिषदेची दोन माणसं, पिवळ्या रंगाचा डबा आणि पत्र्यात कापलेले आकडे. प्रत्येक दारासमोर त्या घरचे सगळे उभे, फोटो काढायला उभे राहतात तसे. अनुसयाबाईने आकडा पडल्यावर दाराला हळद-कुंकू लावलं आणि रंगवणाऱ्यालाही लावलं. आई माझ्यासोबत होत्या, खुशालदादांच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला. निघताना त्यांनी दादांना वाकून नमस्कार केला. का केला ते दादांना कळलं नाही. मला कळलं.

कुंताबाईचा नंबर एक्केचाळीस. सकाळी नऊला पडला आणि तिने आज गाडी काढलीच नाही. तेहतीस वर्षांत बाजार चुकवलेला पहिला दिवस. दारासमोर खुर्ची टाकून बसली होती, हातात काठी. मी विचारलं, काय करून राह्यल्या?

"रंग ओला हाये," ती म्हणाली. "बकऱ्या अंग घासते."

चार वाजता परत गेले तेव्हा रंग केव्हाच वाळला होता. ती तशीच बसून होती.